तृतीयपुरुष आणि तृतीयपंथी

रतनगडाच्या परिसरात उगम पावलेली प्रवरा संगमनेर, कोल्हार, बेलापूर ही गावे मागे टाकीत नेवाशास जाते आणि पुढे प्रवरासंगमी गोदावरीस मिळते. हिला अमृतवाहिनी असेही म्हणतात. आणि ह्या नावास शोभेल अशी एक कथा तिच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. समुद्रमंथनातून निघालेले अमृत वाटण्यासाठी विष्णूने मोहिनीचे रूप घेतले ते नेवाशास. पंगतीत चोरून बसलेल्या राहूचे शिर तुटून पडले ते राहुरीस. नेवाशाच्या त्या दैवतास लोक ‘मोहिनी’ म्हणत नाहीत आणि ‘विष्णू’ही म्हणत नाहीत, ते ‘मोहिनीराज’ म्हणतात. अठराव्या शतकात होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड ह्यांनी बांधविलेल्या त्या देखण्या देवळात जो भक्त जातो, त्याच्या तोंडी एकाच नावाचा पूर्वार्ध स्त्रीलिंगी आणि उत्तरार्ध पुल्लिंगी असतो. त्यात काही विपरीत आहे असे त्या भक्तास वाटत नाही. भाषेने येथे एक अवघड गाठ न सोडविताच सोडून दिली आहे, आणि तिच्यावाचून कोणाचे अडलेले नाही.

परंतु देवास जी सवलत मिळते ती माणसास मिळत नाही. समजा, आजचा एखादा कथाकार कोल्हारच्या भगवतीच्या यात्रेवर कथा लिहावयास बसला आहे. नगर-मनमाड रस्त्यावरचे हे प्रवराकाठचे गाव देवीच्या स्थानामुळे कोल्हार-भगवतीपूर ह्या जोडनावानेच ओळखले जाते. साडेतीन शक्तिपीठे येथे एकत्र नांदतात अशी भाविकांची श्रद्धा आहे. कथाकाराच्या कथेत एक पात्र असे आहे की, जन्मतः ज्यास घरच्यांनी मुलगा म्हटले, परंतु जे आज लुगडे नेसून स्वतःस स्त्री मानते. किंवा जे स्वतःस स्त्रीही मानीत नाही आणि पुरुषही मानीत नाही. वरच्या वाक्यात ‘पात्र’ हा नपुंसकलिंगी शब्द योजून मी स्वतःची सुटका करून घेतली आहे, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानी आले असेलच. परंतु कथाकारास पंधरा-वीस पाने ‘ते पात्र, ते पात्र’ म्हणत राहता येणार नाही. त्याला कधीतरी ‘तो’, ‘ती’ किंवा ‘ते’ असे लिहावेच लागेल. ह्या तिहींपैकी काय लिहावे, आणि आपल्या पूर्वसूरींनी अशा प्रसंगी काय केले, ह्याचा थोडा इतिहास पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम भाषेचा स्वभाव पाहू. इंग्रजीत लिंगाचा प्रश्न बहुतांशी एका सर्वनामापुरता असतो. बंगालीत किंवा फारसीत तोही नाही, कारण तेथे स्त्री-पुरुष दोघांनाही एकच सर्वनाम चालते. मराठीत मात्र लिंग सर्वनामात असते, विशेषणात असते आणि क्रियापदातही असते. ‘मी गेलो’ की ‘मी गेले’ हे ठरविल्यावाचून मराठी माणसास घरातून बाहेर पडल्याचेही सांगता येत नाही. ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’ ह्यांतील भेद तर समोरच्याच्या तोंडावर केलेला निवाडाच असतो. बंगाली कादंबरीचा मराठी अनुवाद करणाऱ्यास, मूळ लेखकाने जे मोघम ठेवले ते पहिल्याच परिच्छेदात उघड करावे लागते.

तथापि ह्याच भाषेत काही आडवाटाही आहेत आणि त्या व्याकरणाच्या अभ्यासकांस ठाऊक आहेत. भविष्यकाळास लिंग नाही. ‘मी येईन’ असे स्त्री म्हणते तसेच पुरुषही म्हणतो. ‘मी जात आहे’, ‘मी जात नाही’ ह्या वाक्यांवरून बोलणाऱ्याचे लिंग कळत नाही. जुन्या वळणाचा रीतिभूतकाळ, म्हणजे ‘मी जाई’, ‘मी करी’, हाही असाच निर्लेप आहे. आणि सर्वांत मौजेची गोष्ट म्हणजे कर्मणी प्रयोग. ‘मी भाकरी खाल्ली’ ह्या वाक्यात क्रियापद भाकरीच्या मागे जाते, खाणाऱ्याच्या मागे नाही. शिवाय आदरार्थी बहुवचनात ‘ते’ आणि ‘त्या’ असा भेद प्रथमेपुरताच राहतो; ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचे’ ही रूपे दोघांनाही समान आहेत. म्हणून आमच्या कथाकारास असे लिहिता येईल: त्यांनी टाळी वाजविली, पदर सावरला, सुपातले धान्य घेतले, लेकराच्या कपाळास हात लावला, आशीर्वाद दिला. येथवर लिंगाचा उच्चारही झालेला नाही. परंतु पुढचेच वाक्य अडते. ‘आणि ते निघाले’ की ‘आणि त्या निघाल्या’? सकर्मक क्रियापद मराठी माणसास लिंगावाचून घेऊ देते, देऊ देते, खाऊ देते. परंतु अकर्मक क्रियापद त्यास लिंगावाचून अंगणातून निघूही देत नाही, ओट्यावर बसूही देत नाही आणि मरूही देत नाही.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशास? मराठीत नपुंसकलिंग आहे, तेच योजावे. ह्या सूचनेत तर्क आहे, परंतु लोकव्यवहार नाही. ‘नपुंसक’ ह्या शब्दाची व्युत्पत्ती वैयाकरणांनी ‘स्त्रीही नव्हे आणि पुरुषही नव्हे’ अशी दिलेली आहे, हे खरे. परंतु देशावरच्या मराठीत ‘ते’ हे सर्वनाम मुलास, लेकरास, वासरास आणि वस्तूस लागते. प्रौढ माणसास लावले तर बहुधा तुच्छतेने. ‘आले बघ ते’ ह्या तीन शब्दांत माणसाचे माणूसपण काढून घेण्याचे सामर्थ्य आहे, आणि ज्यांना ते शब्द रस्त्यावर रोज ऐकावे लागतात त्यांना व्याकरणातील त्याची निर्दोषता सांगून काय उपयोग? कोकणीत मात्र अविवाहित मुलीस नपुंसकलिंगी संबोधण्याची रीत आहे आणि त्यात वात्सल्य असते. तात्पर्य, ‘ते’ हा शब्द स्वतः अपमानकारक नाही. प्रदेशागणिक त्याचा सूर बदलतो.

येथे मुद्रणाच्या इतिहासातील एका लहानशा घटनेचा उल्लेख केला पाहिजे. पूर्वी नपुंसकलिंगी एकवचनी ‘तें’ अनुस्वार देऊन लिहीत आणि आदरार्थी पुल्लिंगी ‘ते’ अनुस्वारावाचून लिहीत. ‘तें आलें’ आणि ‘ते आले’ ह्यांतील अंतर एका टिंबाचे होते. परंतु त्या टिंबाच्या एका बाजूस अवहेलना आणि दुसऱ्या बाजूस आदर होता. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली आले, त्यांत हे अनुच्चारित अनुस्वार गेले आणि कागदावर दोन्ही रूपे एक झाली. आज ‘ते आले’ असे छापील वाक्य वाचताना, लेखकाने पात्रास मान दिला आहे की त्याचे माणूसपण नाकारले आहे, हे केवळ संदर्भावरून ठरवावे लागते. ज्यांस ही संदिग्धता अडचणीची वाटते त्यांचे म्हणणे समजण्याजोगे आहे. परंतु स्वतःस स्त्री वा पुरुष न मानणाऱ्या पात्रास कोणा लेखकाने ‘ते’ म्हटले, तर वाचकास त्यात आदरार्थी बहुवचनच ऐकू यावे, अशी सोयही त्याच नियमांनी नकळत करून ठेवली आहे.

लिंग आणि देह ह्यांची सांगड नेमकी कशी, हा प्रश्न नवा नाही. पतंजलीने महाभाष्यात तो दोन सहस्र वर्षांपूर्वी उपस्थित केला आहे. देहाच्या खुणांवरून स्त्री, पुरुष आणि नपुंसक ठरवावे अशी व्याख्या तो आधी मांडतो आणि मग स्वतःच विचारतो की, खाट स्त्रीलिंगी आणि वृक्ष पुल्लिंगी का? त्यांच्या देहावर कोणत्या खुणा आहेत? अखेरीस, शब्दाचे लिंग लोकव्यवहारावर अवलंबून असते, शास्त्राने ते शिकवावयाचे नसते, ह्या निर्णयावर तो येतो. संस्कृतात एकाच पत्नीस ‘भार्या’ म्हटले तर ती स्त्रीलिंगी, ‘कलत्र’ म्हटले तर नपुंसकलिंगी आणि ‘दारा’ म्हटले तर चक्क पुल्लिंगी बहुवचनी होते. मराठीनेही हा वारसा सोडलेला नाही. ‘बायको माहेरी गेली’, ‘कुटुंब माहेरी गेले’, ‘कबिला माहेरी गेला’. बाई एकच, लिंगे तीन. आपल्या आजोबांनी चारचौघांत आजीचा उल्लेख ‘आमचे कुटुंब’ असा केला तेव्हा व्याकरण कोसळले नाही. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण लिहिले, मोरो केशव दामल्यांनी १९११ साली त्या शास्त्रास प्रौढ रूप दिले. नियमांची वाटणी कितीही काटेकोर केली तरी रूढीस शरण जावेच लागते, हा ह्या शास्त्राचा नित्याचा अनुभव आहे.

आता कथावाङ्मयाकडे वळू. ह्या प्रश्नाचे सर्वांत प्राचीन आणि सर्वांत भीषण उदाहरण महाभारतातील शिखंडीचे आहे. द्रुपदाच्या घरी कन्या म्हणून जन्मलेली शिखंडिनी पुत्र म्हणून वाढविली जाते. दशार्णाच्या राजकन्येशी लग्न होते, गुपित फुटते. अरण्यात स्थूणाकर्ण नावाचा यक्ष आपले पुरुषत्व तिला देतो आणि तेथून शिखंडी परततो. पांडवांच्या सैन्यात त्याला पुरुष म्हणतात. भीष्म मात्र म्हणतो की, जी पूर्वी स्त्री होती तिच्यावर मी शस्त्र धरणार नाही. दहाव्या दिवशी अर्जुन शिखंडीस पुढे घालून बाण सोडतो आणि भीष्म पडतो. एकाच व्यक्तीस एका बाजूने ‘तो’ आणि दुसऱ्या बाजूने ‘ती’ म्हटले, ह्या भेदावर कुरुक्षेत्राचे पारडे फिरले. व्यासांचे कौशल्य हे की, भीष्माचे मत त्यांनी भीष्माच्याच तोंडी ठेवले आहे. निवेदकाने ते स्वतःचे केलेले नाही. विराटपर्वातील बृहन्नडेची गोष्ट निराळी. तेथे नाव स्त्रीलिंगी, वेष स्त्रीचा, परंतु वाचकास आत अर्जुन आहे हे ठाऊक असते. तो अज्ञातवास आहे, जीवन नव्हे. आपल्याकडील पुष्कळ लेखकांची चूक अशी झाली आहे की, शिखंडीच्या जातीच्या पात्रास त्यांनी बृहन्नडेच्या मापाने मोजले. वेषाच्या आत कोणी दुसराच लपला आहे असे गृहीत धरून ते लिहीत गेले.

मराठी संतांची रीत ह्याहून उदार होती. प्रवरेच्याच काठी, नेवाशास, शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या कर्त्यास महाराष्ट्र सातशे वर्षे ‘माउली’ म्हणत आला आहे. वारीत एक वारकरी दुसऱ्यास, मग तो मिशाळ पाटील असो की म्हातारी बाई असो, ‘माउली’ अशीच हाक मारतो. पंढरीचा विठोबा ‘विठाई’ होतो. ज्ञानेश्वरांच्या विरहिणींत आणि संतांच्या गौळणींत पुरुष कवी ‘मी’ म्हणतो तो स्त्रीचा ‘मी’ असतो, आणि क्रियापदेही त्याप्रमाणे स्त्रीलिंगी होतात. एकनाथांची भारुडे घराघरांतल्या बायांच्या तोंडची आहेत. ह्या सर्व ठिकाणी भक्तीची सनद आहे, हे कबूल केले पाहिजे. तथापि मराठी कानास ‘पुरुषदेह आणि स्त्रीलिंगी क्रियापद’ हा मेळ अपरिचित नाही, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते.

पुढे रंगभूमीने ह्या मेळास व्यवसायाचे रूप दिले. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले. १९११ च्या ‘मानापमाना’तील त्यांच्या भामिनीने घरंदाज स्त्रियांस साडी नेसण्याची आणि गजरा माळण्याची तऱ्हा शिकविली. त्या काळच्या प्रेक्षकाची भाषा दुमजली होती: भामिनी आली, नारायणराव छान गायले. वरच्या मजल्यावर ‘ती’, खालच्या मजल्यावर ‘ते’. जिना मध्ये पडद्याचा. तमाशातही बाया येण्यापूर्वी नाच्या पोऱ्याच स्त्रीचे काम करी. परंतु जे नट घरी आल्यावरही जिना उतरू शकले नाहीत त्यांचे काय झाले? हा प्रश्न सतीश आळेकरांनी १९७९ साली ‘बेगम बर्वे’ ह्या नाटकात विचारला. संगीत नाटकांच्या अस्तानंतर उरलेला एक नगण्य स्त्रीपार्टी, उदबत्त्या विकून पोट भरणारा. त्याच्यावर सत्ता गाजविणारा श्यामराव. आणि दोन अविवाहित कारकून, ज्यांच्या स्वप्नातील नलावडेबाई त्या बर्व्याच्या रूपाने अवतरते. लग्न होते, डोहाळे लागतात, आणि मग स्वप्न क्रूरपणे फाटते. नाटककारास एक सोय असते; त्यास निवेदन नसते, म्हणून ‘तो की ती’ ह्याचा निर्णय स्वतः द्यावा लागत नाही. प्रत्येक पात्र आपापल्या गरजेप्रमाणे बर्व्यास लिंग देते, आणि त्या देण्यातच त्या त्या पात्राची परीक्षा होते.

कादंबरीकारास ती सोय नाही. राजन गवस ह्यांनी ‘भंडारभोग’मध्ये यल्लम्मास वाहिलेल्या जोगत्याचे जिणे चितारले, त्याच्या व इतर कथावस्तूंच्या आधारे २००९ साली ‘जोगवा’ हा चित्रपट निघाला. घरादाराने आणि गावाने एका पोरास लुगडे नेसविले, तर त्यास ‘ती’ म्हणणे हा न्याय की दुसरा जुलूम? येथे उत्तर सरळ नाही. ज्याच्यावर स्त्रीवेष लादला गेला त्यास ‘ती’ म्हणणे आणि जिने तो स्वतः निवडला तिला ‘तो’ म्हणणे, ह्या दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत. दोन्हींत माणसास विचारलेलेच नसते. २०१२ साली लक्ष्मीनारायण त्रिपाठी ह्यांचे आत्मकथन मराठीत आले, तेव्हा हा प्रश्न प्रथमच उलट्या टोकाने सुटला. कारण आत्मकथनात सर्वनाम ‘मी’ असते आणि त्यापुढील क्रियापद कसे चालवावे हे सांगण्याचा अधिकार सांगणाऱ्याचा असतो.

हा अधिकार केवळ वाङ्मयीन नाही, हे इतिहास सांगतो. मराठेशाहीत हिजड्यांस काही ठिकाणी मागण्याचे हक्क व इनामे सरकारमान्य होती. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाने ती मान्यता काढून घेतली. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यात एक प्रकरण अशा लोकांकरिता होते; प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झालेल्या त्या कायद्याने त्यांची नोंदवही ठेवविली आणि नोंदलेल्याने चारचौघांत स्त्रीवेष केल्यास शिक्षा सांगितली. त्या कायद्याच्या व्याख्येतच त्यांस पुरुष ठरविले होते. म्हणजे आधी शब्दाने ‘तो’ केले आणि मग ‘तो’ असून लुगडे का नेसला म्हणून दंड केला. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, आपले लिंग काय हे सांगण्याचा हक्क ज्याचा त्यास आहे, असा निर्णय दिला. १९ व्या शतकातील त्या व्याख्येचे हे उत्तर होते. तरीही वृत्तपत्रातील बातमीत, पंचनाम्यात किंवा दवाखान्याच्या कागदावर एका क्रियापदाने कोणास काय केले जाते, ह्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

परदेशांतील लेखकही ह्या पेचातून गेले आहेत. व्हर्जिनिया वुल्फ ह्यांच्या १९२८ च्या ‘ऑर्लँडो’ कादंबरीत नायक मध्येच स्त्री होतो आणि निवेदक सर्वनाम बदलून शांतपणे पुढे चालू लागतो. उर्सुला ल ग्विन ह्यांनी १९६९ साली, जेथे कायमचे स्त्री-पुरुषच नाहीत अशा ग्रहाची कादंबरी लिहिली आणि सर्वांस ‘तो’ म्हटले. पुढे त्यांनी ह्या निवडीविषयी स्वतःच असमाधान व्यक्त केले आणि त्याच ग्रहावरची एक जुनी कथा पुन्हा छापताना तीत ‘ती’ हे सर्वनाम घातले. स्वीडिश भाषेने ‘हेन’ हे नवे सर्वनाम रुळविले, ते १९१५ साली नव्हे, २०१५ साली तेथील अकादमीच्या कोशात गेले. आणि इंग्रजीने आपले जुने बहुवचनी सर्वनाम एकवचनी अर्थाने अधिकाधिक वापरावयास घेतले. मराठीत असे नवे सर्वनाम घडवावे असे काहींस वाटेल. परंतु एक सर्वनाम घडवून आपले भागणार नाही. त्याच्यामागून विशेषणांची आणि क्रियापदांची नवी चौथी पंगत मांडावी लागेल, आणि ती कोणाच्याही तोंडी बसणे कठीण.

मग कथाकाराने काय करावे? वरील इतिहासातून मला तीन गोष्टी निष्पन्न होताना दिसतात. पहिली, पात्र स्वतःविषयी ‘मी’ म्हणताना जे क्रियापद वापरते तेच निवेदकाने तृतीयपुरुषात न्यावे. जी ‘मी आले’ म्हणते ती ‘ती’ किंवा ‘त्या’. बालपणीच्या प्रसंगांतही, जोवर लेखकास त्या वयाचा घोळ मुद्दाम दाखवावयाचा नाही तोवर, हेच सर्वनाम असावे. अर्थात कोल्हापूरकडच्या मुलीही ‘मी जातो’ म्हणतात. तेव्हा कान प्रदेशाचाही असावा. दुसरी, इतर पात्रांच्या तोंडी त्यांचे त्यांचे सर्वनाम राहू द्यावे. बाप ‘तो’ म्हणेल, बाजारातला टवाळ ‘ते’ म्हणेल, गुरू ‘बेटी’ म्हणेल; ह्या शब्दांनी बाप, टवाळ आणि गुरू उघडे पडतात. ते सारे सुधारून गुळगुळीत केले तर कथेतील दुःखच पुसले जाईल. भीष्माचे भीष्माजवळ आणि व्यासांचे व्यासांजवळ, हीच ती रीत. तिसरी, जे पात्र ‘तो’ही नाही आणि ‘ती’ही नाही, त्याच्याकरिता आदरार्थी बहुवचन, भविष्यकाळ आणि कर्मणी प्रयोग ह्या मराठीच्या घरच्या वाटा आधी धुंडाळाव्यात, आणि नपुंसकलिंगी एकवचन तेव्हाच योजावे, जेव्हा त्या पात्रानेच ते अभिमानाने उचलले असेल.

एक विनंती मासिकांच्या संपादकांस व मुद्रितशोधकांस आहे. अशा कथेत एखाद्या पानावर ‘शेवंता आला’ आणि दुसऱ्यावर ‘शेवंता आली’ असे आढळले, तर ती हस्तदोषाची खूण समजून लेखणी चालवू नये. ते कोणाच्या तोंडी आहे हे आधी पाहावे आणि शंका राहिल्यास लेखकास एक पत्र टाकावे. मराठी व्याकरणात तृतीयपुरुष म्हणजे जो समोर नाही, ज्याच्याविषयी दोघे जण बोलतात तो. तृतीयपंथी माणूस आपल्या वाङ्मयात फार काळ असाच राहिला आहे. आता ही माणसे स्वतः लिहू लागली आहेत, आपल्याच मासिकांकडे कविता आणि कथा पाठवू लागली आहेत. त्यांच्या हस्तलिखितातील क्रियापदे आपण जशीच्या तशी छापतो की नाही, ह्यावर पुढील पन्नास वर्षांच्या मराठीची रूढी पुष्कळ अंशी ठरणार आहे.